चिमटीतली हळद

प्रस्तावना

आमच्या दुकानात हळकुंडांचं पोतं कधी दाराशी नसायचं. दाराशी खडेमीठ, गुळाच्या ढेपा, शेंगदाणे. हळद आत, गल्ल्याच्या मागं, जिथं दुपारचं ऊन पोचत नाही तिथं. उन्हात राहिली की हळद विटते, हे मला वडिलांनी शाळेत घालायच्या आधीच शिकवलं होतं. गुळाला मुंगीपासून आणि हळदीला उन्हापासून जपावं, बाकीचा माल आपलं आपण बघतो, असं ते म्हणायचे.

पाथर्डीच्या पेठेतलं ते दुकान म्हणजे दहा बाय बाराची खोली. गिऱ्हाईक हळद किती मागतं यावरून त्याच्या घरात काय चाललंय ते वडील ओळखत. चार आण्याची पुडी म्हणजे रोजचं कालवण. पावशेर म्हणजे उन्हाळा लागला, मसाला कुटायचाय. अर्धा किलो अख्खी हळकुंडं, तीही न मोडलेली, निवडून हवीत, म्हणजे सोयरीक जमली. मग वडील तागडीवरची नजर न उचलता विचारायचे, "कुठं दिली पोरगी?" समोरचा चकित. "तुम्हाला कुणी सांगितलं, शेठ?" कुणी सांगायची गरजच नसायची. मापानं सांगितलेलं असायचं.

हळदीवर पुस्तक लिहायला बसलो तेव्हा हे माप डोक्यातून जाईना. हळदीबद्दल आज जे बोललं जातं, ते गुणांबद्दल असतं. मापाबद्दल कुणी बोलत नाही. आणि माझा संशय असा आहे, की हळदीची निम्मी गोष्ट मापातच आहे.

पाथर्डीकरानं हळदीवर लिहावं यात थोडा आगाऊपणा आहे हे मला मान्य आहे. आमचा तालुका गर्भगिरीच्या डोंगरांना टेकलेला, पावसाच्या छायेतला. इथं बाजरी, तूर, कापूस, हुलगे. हळदीला आठ-नऊ महिने जमिनीत ओल लागते. आम्हाला प्यायच्या पाण्यासाठी टँकरची वाट बघायची सवय. माझ्या पिढीतल्या निम्म्याहून जास्त पाथर्डीकरांनी हळदीचं झाड पाहिलेलं नसेल. तरी जन्मापासून सरणापर्यंत असा एक दिवस नाही, की या गावात हळदीला हात लागला नाही. जे शेतात पिकत नाही ते अंगाला एवढं कसं चिकटलं, हे कोडं मला पुरेसं वाटलं.

ती यायची कुठून? एक वाट व्यापाराची: सांगलीच्या पेठेतून नगरच्या आडते बाजारात, तिथून मालमोटारीनं आमच्याकडं. दुसरी वाट कुठल्या चोपडीत लिहिलेली नाही. दसरा झाला की आमच्या तालुक्यातली माणसं कोयता घेऊन ऊसतोडीला निघतात. बैलगाड्या, ट्रॅक्टर, पोरंबाळं, कोंबड्या, सगळं. त्यातल्या पुष्कळ टोळ्या सांगली-कोल्हापूरच्या कारखान्यांवर जातात. तिथली हळद निघते जानेवारी ते मार्चमध्ये, म्हणजे उसाचा पट्टा पडायला लागतो त्याच दिवसांत. फडाशेजारी हळदीचं रान, त्यापलीकडं हळद शिजवायची भट्टी. पाडव्याच्या सुमाराला टोळ्या परतायच्या तेव्हा आमच्या गल्लीतल्या एका बाईच्या गाठोड्यात जाड, सोनेरी हळकुंडं असायची. ती ओळखीच्या घरांत दोन-दोन वाटायची. वडील कुरकुरायचे, "ही माणसं परत आली की आपली हळद आठवडाभर हलत नाही." पण त्यांच्या देव्हाऱ्यातलं हळकुंड त्याच गाठोड्यातलं असे.

त्याच दिवसांत मढीला कानिफनाथांची यात्रा असते, होळीपासून पाडव्यापर्यंत. लांबलांबून भटके समाज येतात, गाढवांचा बाजार भरतो. यात्रेआधी देवाला तेल लावण्याचा विधी होतो आणि तेव्हापासून मढीच्या घरांत महिनाभर तळण नाही, लग्नकार्य नाही. लहानपणी मला हे नवरदेवासारखं वाटायचं: आधी तेल लागलं, आता हळद कधी? यात्रा सरली की सगळीकडचा लग्नसराईचा धडाका सुरू व्हायचा, आणि वडिलांचं ते आतलं पोतं आठ दिवसांत तळाला जायचं.

आता स्वयंपाकघर. हळदीचा खरा संसार तिथं आहे, म्हणून थोडं थांबतो.

आमच्याकडचं रोजचं कालवण काळ्या मसाल्याचं किंवा येसराचं. येसर म्हणजे बाजरी, गहू, हरभऱ्याची डाळ भाजून, त्यात धने-मिरे आणि बाकीचा मसाला घालून दळून ठेवलेलं पीठ. पाणी उकळलं, फोडणी दिली, मूठभर येसर कालवून सोडलं की आमटी. घरात भाजी नसली, पाहुणा दारात उभा असला, तरी अब्रू झाकणारी वस्तू. या दोन्हींत हळद असते, पण ती दिसत नाही. काळ्या मसाल्यात तर मुद्दाम शोधावी लागते. हळकुंड हे मसाल्यातलं सगळ्यांत हट्टी अंग. कच्चं कुटायला घेतलं तर खलबत्त्यातून उडून भिंतीवर आपटतं. म्हणून ते आधी तेलात तळायचं. मंद आचेवर ते हळूहळू फुगतं, अंगावर बारीक चिरा पडतात, आणि मग बत्त्याच्या एका घावात भुगा होतो. डंकावर मसाला न्यायच्या दिवशी आई सगळ्यांत शेवटी हळकुंड तळायची, कारण त्यानंतर ते तेल पिवळंधमक होऊन जाई. ते तेल टाकायचं नसे. दुसऱ्या दिवशीच्या पिठल्याला तेच.

फोडणीत हळद कधी पडते हे पाहिलं की बाई किती मुरलेली आहे ते कळतं. मोहरी तडतडली, जिरं फुललं, हिंग पडला, मग हळद, आणि तिच्या पाठोपाठ, श्वास घ्यायच्या आत, कांदा किंवा भाजी. हळद आधी पडली तर करपते, काळी आणि कडू होते. तेल न लागता वरून पाण्यात पडली तर दिवसभर कच्चा वास मारते. यात रसायन आहे. हळदीतलं जे पिवळं द्रव्य, करक्युमिन, ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळतं. १८१५ साली फोगेल आणि पेल्तिए या दोघांनी ते पहिल्यांदा वेगळं काढलं. आईला ही नावं ठाऊक नव्हती, पण तेल आणि हळद यांची गाठ तीन सेकंदांत घालून द्यायची असते हे ठाऊक होतं.

आणि माप? चमच्यानं हळद घालणारी बाई मी घरात पाहिली नाही. दोन बोटांची चिमूट एका भाजीला, तीन बोटांची सहा माणसांच्या आमटीला. वरणात दोन बोटांची, पण सैल. मी एकदा आईच्या चिमटीचं वजन दुकानातल्या सोन्याच्या काट्यासारख्या बारीक तागडीवर करून पाहिलं होतं. अर्ध्या ग्रॅमच्या आगेमागे भरलं. दहा वेळा केलं, दहाही वेळा काटा तिथंच. तिनं मला हाकलून दिलं ते वेगळं.

हळदीची दुसरी ओळख डागाची. माझ्या लग्नात हळदीच्या दिवशी मी शहाणपणा करून नवा पांढरा सदरा घातला. दुसऱ्या दिवशी तो साबणाच्या पाण्यात बुडवला आणि पिवळा डाग डोळ्यांदेखत रक्तासारखा लाल झाला. घाबरून आईला हाक मारली. ती हसत म्हणाली, "धू, आणि उन्हात टाक." सदरा धुतला, खळबळून काढला, तसा डाग पुन्हा पिवळा झाला. दोन दिवस उन्हात वाळवल्यावर उरला तो नुसता संशय. ज्या उन्हापासून वडील हळदीला जपत, तेच ऊन डागाला औषध. साबणातल्या खारानं हळद लाल होते, खार निघून गेला की परत पिवळी. शाळेतल्या प्रयोगशाळेत हळदीचा कागद याच कामाला वापरतात. आणि कुंकू म्हणजे तरी काय? हळदीला खार, चुना, लिंबू यांची जोड देऊन लाल केलेली हळदच. करमाळा तालुक्यातलं केम हे गाव कुंकवासाठी नावाजलेलं आहे. देव्हाऱ्यातल्या दोन कोयऱ्या, एक पिवळी, एक लाल, या मुळात एकाच पोत्यातून निघालेल्या आहेत हे कळलं तेव्हा मला फार मौज वाटली होती. आता बाजारात मिळणारं बरंच कुंकू रंगाचं असतं, हळदीचा त्याला स्पर्शही नसतो, हेही सांगितलं पाहिजे.

हळदीचं झाड मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा पस्तिशी ओलांडली होती. मिरज तालुक्यातलं एक रान. कर्दळीसारखी रुंद, हिरवी पानं, कमरेच्या वर. त्यांत पिवळं काहीच नाही. शेतकऱ्यानं कुदळ मारून गड्डा उपसला, मातीसकट माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "मोडा की." मोडला, आणि आत गाजरापेक्षा गडद केशरी. वास हळदीचा नव्हे. ओल्या मातीचा, आल्याचा आणि कुठंतरी मागं कापराचा. मधला तो मातृकंद, त्याला फुटलेली बोटं म्हणजे हळकुंडं. या झाडाला फूल येतं, पण रुजणारं बी धरत नाही, कंदातूनच कंद. म्हणजे हजारो वर्षं माणसानं लावली म्हणून हळद टिकली. माणूस विसरला असता तर ती संपली असती.

निघालेली हळद शिजवावी लागते हे आमच्याकडच्या कित्येकांना खरं वाटत नाही. पूर्वी मोठ्या कढईत पाचोळा झाकून शिजवत, आता वाफेचे कुकर आलेत. काडी टोचून पाहायची. सहज आत गेली की उतरवायची. मग दहा-पंधरा दिवस वाळवण, मग ढोलात घालून फिरवायची, म्हणजे साल जाऊन झळाळी येते. शंभर किलो ओल्या हळदीची वीस-पंचवीस किलो सुकी उरते. चांगलं वाळलेलं हळकुंड मोडताना टण्णकन वाजतं. वडील पोतं घेण्याआधी एक हळकुंड कानाजवळ धरून मोडायचे, त्याचा अर्थ मला त्या रानात उमगला.

आमच्या जिल्ह्याचा या पिकाशी एक संबंध आहे, आणि तो मी अभिमानानं सांगतो. राहुरीला महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे. त्याचं हळद संशोधन केंद्र सांगलीजवळ कसबे डिग्रजला. 'फुले स्वरूपा' हे हळदीचं वाण या विद्यापीठाचं. म्हणजे नगर जिल्ह्यात हळदीचं रान दिसो न दिसो, वाणाच्या नावात राहुरीचा शिक्का आहे.

आमच्या लहानपणी हळद म्हणजे सांगली, विषय संपला. आता तसं नाही. वर्ध्याच्या वायगावच्या हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये, वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये. लागवडीचा जोर मराठवाड्यात सरकला आहे. हिंगोली, नांदेड, परभणी हा आता हळदीचा पट्टा. जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्रीय हळद मंडळ सुरू झालं, तेही सांगलीला नव्हे, तेलंगणातल्या निजामाबादला. सांगलीकरांना हे लागलं असणार. पण सांगलीकडं एक गोष्ट आहे जी दुसऱ्या कुणाकडं नाही: हरिपूरची पेवं. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळच्या मातीत खोल खणलेली, तोंड अरुंद आणि पोट मोठं. त्यांत हळद भरून तोंड लिंपून टाकलं की वर्षानुवर्षं रंग जात नाही, कीड लागत नाही. पेव उघडल्यावर लगेच उतरायचं नसतं, आतली कोंडलेली हवा आधी जाऊ द्यायची. २००५ च्या महापुरात कृष्णेचं पाणी या पेवांत शिरलं आणि पुष्कळ पेवं कायमची गेली. गोदामं आणि शीतगृहं आली, ठीकच आहे. पण भाषेत मात्र पेव अजून फुटतंच.

सध्या ते फुटलंय हळदीच्या औषधांचं. त्याकडं येण्याआधी भंडाऱ्याबद्दल चार ओळी, नाहीतर गावात तोंड दाखवता येणार नाही. खंडोबाच्या दारात हळद ही चिमटीनं मोजत नाहीत, मुठीनं उधळतात. जेजुरीच्या पायऱ्या, भिंती, माणसं, कुत्री, सगळं पिवळं. चंपाषष्ठीला आमच्याकडं घरोघर तळी भरतात, वांग्याचं भरीत आणि रोडगा होतो, आणि घरातला सगळ्यांत लहान पोरगाही त्या दिवशी मूठ भरून भंडारा उडवतो. एरवी हळदीच्या डब्याला हात लावला तर फटका ठरलेला. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं. अहिल्यादेवींचं माहेर जामखेडजवळचं चौंडी, सासरे मल्हारराव, पती खंडेराव. दोघांच्याही नावांत जेजुरीचा देव आहे. भंडारा आशीर्वादाचा असतो तसा जाब विचारायचाही. सप्टेंबर २०२३ मध्ये सोलापुरात धनगर आरक्षणाच्या मागणीसाठी एका मंत्र्यांच्या डोक्यावर भंडारा उधळला गेला. दगड नाही, शाई नाही, हळद. मंत्र्यांनाही तो पवित्रच आहे असं म्हणावं लागलं.

आता औषध. करोनाच्या दिवसांत पाथर्डीतसुद्धा हळदीच्या गोळ्या आल्या. ज्या गावात बाईला बोट कापलं की हळद, बैलाचा खांदा जुवानं सोलला की तेल-हळद, पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदमळणीला हळद, मुका मार लागला तर आंबेहळदीचा लेप आणि खोकला आला की हळद-दूध, त्या गावात डबीवर पिवळ्या पेल्याचं चित्र छापून हळद परत विकायला आली. माझा एक मित्र रोज चार गोळ्या घ्यायचा आणि जेवणात पिठलं टाळायचा, पित्त होतं म्हणून. त्याला काय म्हणावं? पी हळद आणि हो गोरी, ही म्हण आपल्याकडं उगाच नाही.

हळद गुणाची नाही असं मी म्हणत नाही. आयुर्वेदात हरिद्रेला मोठा मान आहे. रात्रीची निशा, रजनी ही नावं हळदीलाही दिलेली आहेत, आणि हळद-आवळ्याचा निशामलकी हा योग प्रमेहावर जुना आहे. जखमेवरच्या हळदीसाठी तर आपण खटला जिंकलोय. १९९५ साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला 'जखम भरण्यासाठी हळदीचा वापर' यावर पेटंट मिळालं. घेणारे दोघे संशोधक भारतीय वंशाचेच. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक. परिषदेनं पेटंटला आव्हान दिलं, बत्तीस संदर्भ पुढं ठेवले. जुने संस्कृत ग्रंथ होते, तसा भारतीय वैद्यक संघटनेच्या नियतकालिकातला १९५३ चा लेखही होता. १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं. या लढ्याला हळदीघाटीची लढाई असं नाव पडलं. मला यातली एक गोष्ट अजून खुपते. घरोघरच्या आज्यांनी कापलेल्या बोटावर दाबलेली हळद हा पुरावा तिथं चालला नसता. छापील कागद लागला. बरं झालं, कुणीतरी लिहून ठेवलं होतं.

पण जखमेवरची हळद वेगळी आणि पोटात घेतलेल्या गोळीचे दावे वेगळे. इथं पुन्हा वडिलांची तागडी काढतो. चांगल्या सुक्या हळदीत करक्युमिन शंभरात तीन ते पाच भाग. वायगावसारख्या हळदीत थोडं जास्त. म्हणजे आईच्या अर्ध्या ग्रॅमच्या चिमटीत पंधरा ते पंचवीस मिलिग्रॅम. प्रयोगांमध्ये पुष्कळदा दिवसाला एक ग्रॅम करक्युमिन किंवा त्याहून जास्त दिलं जातं. तेवढं हळदीतून घ्यायचं तर आठ-दहा चहाचे चमचे भरून हळद खावी लागेल. आमटीत घालून बघा! त्यातही पोटात गेलेलं करक्युमिन रक्तात फारसं पोचत नाही. यकृत त्याला लगेच वाटेला लावतं. १९९८ मध्ये बंगळुरूच्या संशोधकांनी दाखवलं की मिऱ्यातलं पायपरीन सोबत दिलं तर हे प्रमाण वीस पटीनं वाढतं. तेव्हापासून गोळ्यांत मिरं आलं, आणि काहींची यकृतं बिघडली. इटलीत २०१९ मध्ये हळदीच्या गोळ्या घेणाऱ्यांत काविळीचे रुग्ण सापडले, तसे नंतर अमेरिकेतही नोंदवले गेले. रक्त पातळ करायचं औषध चालू असणाऱ्यानं डॉक्टरांना विचारल्याशिवाय या गोळ्यांच्या वाटेला जाऊ नये. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या रसायनशास्त्रज्ञांनी करक्युमिनवरचं ढीगभर संशोधन चाळलं आणि निष्कर्ष काढला, की प्रयोगशाळेत ते जेवढं चमकतं तेवढं माणसात सिद्ध झालेलं नाही.

वाईट वाटून घेण्यासारखं यात काही नाही. चिमूटभर हळद रोज दोन वेळा, तेलात परतून, डाळीबरोबर, मिऱ्या-धन्यांच्या संगतीत, पन्नास-साठ वर्षं: हा प्रयोग कुठल्याही गोळीपेक्षा वेगळा आहे आणि त्याचा निकाल एका पेल्यात मोजता येत नाही. तिनं कालवणाला रंग येतो, डाळीचा उग्र वास जातो, लोणचं टिकायला हातभार लागतो. एवढं काम करणाऱ्या चिमटीला कर्करोगही बरा करायला लावणं म्हणजे घरातल्या गुणी सुनेला विहीरही खणायला सांगण्यासारखं आहे.

भेसळीचा एक प्रसंग सांगतो. एका वर्षी वडिलांनी बाहेरच्या शहरातल्या एका व्यापाऱ्याकडून दळलेली हळद घेतली. रंग असा की गिऱ्हाईक खूश. आईनं एकदाच फोडणीत टाकली आणि डबा बाजूला ठेवला. "रंग आहे, वास नाही. आणि पळीला डागच पडत नाही." पेल्यात पाणी घेऊन चमचाभर टाकली. खरी हळद खाली बसते आणि वर फिकट पिवळं पाणी राहतं. हे पाणी गडद पिवळंच राहिलं. वडिलांनी ते पोतं विकलं नाही. मळ्यात खड्डा करून पुरलं. त्या वर्षी घरात सणाला नवे कपडे आले नाहीत. पुढं वाचनात आलं की बांगलादेशात हळकुंडांना झळाळी आणायला शिशाचं पिवळं संयुग वापरत होते. २०१९ मध्ये तिथल्या बाजारातल्या निम्म्याजवळ नमुन्यांत ते सापडलं, आणि सरकारनं धाडी घालून, लोकांना सांगून दोन वर्षांत जवळपास बंद पाडलं. शिसं पोरांच्या मेंदूत जातं. म्हणून सांगतो, हळकुंड घ्या आणि दळून आणा. पूजेच्या हळदीच्या पुडीवर बारीक अक्षरांत 'खाण्यासाठी नाही' असं लिहिलेलं असतं, ते वाचा. ती देव्हाऱ्यातून चुकूनही ओट्यावर येऊ देऊ नका.

एक गोष्ट लिहू की नको, असं बरेच दिवस चाललं होतं. वडील गेले त्यानंतरच्या संक्रांतीला आईला हळदीकुंकवाचं बोलावणं आलं नाही. आमच्या गल्लीत ते कुणी वाईटपणानं करत नव्हतं. तसंच असतं म्हणून करत होते. तीस वर्षं त्या गल्लीची हळद आईनं तोलून दिली होती. त्या दिवशी समोरच्या अंगणातून बायकांचे आवाज येत होते आणि आई मागच्या दारी तूर पाखडत बसली होती. पोराच्या हाती तिळगूळ आला. तिनं खाल्ला. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, शासनानं तो राज्यभरच्या ग्रामपंचायतींपुढं ठेवला, आणि ठिकठिकाणी एकल महिलांचे हळदीकुंकू होऊ लागले. आमच्यासारख्या ऊसतोडीच्या तालुक्यात एकट्या बायका थोड्या नाहीत. पुढच्या संक्रांतीला शेजारची नवी सून तबक घेऊन आमच्या घरात आली. आई तेव्हा ऐंशीच्या पुढं. सून हळद लावायला वाकली, तर आईनं आधी कोयरीतली हळद चिमटीत घेतली, बोटांत चोळली, वास घेतला आणि म्हणाली, "ही कुठून आणलीस गं? पिठाळ आहे." मग कपाळ पुढं केलं.

पुस्तकात पुढं काय आहे ते पुस्तकच सांगेल. डंकावरच्या बायका, सांगलीचे हमाल, भट्टीवरची माणसं, जेजुरीचे वाघ्या-मुरळी यांनी मला जे सांगितलं ते शक्यतो त्यांच्याच शब्दांत ठेवलंय. त्यांचे शब्द प्रमाण भाषेत धुऊन काढावेत असा सल्ला मिळाला होता. तो मी मानला नाही.

मुद्रितं घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर तपासली, कारण तिथंच उजेड बरा आहे. छापखान्यातून फोन आला. "सर, सत्तेचाळिसाव्या पानावर समासात पिवळा अंगठा आहे. ती दुरुस्ती आहे का?" मी बायकोकडं पाहिलं. ती फोडणी देत होती. "नाही," म्हटलं, "ते तसंच राहू द्या."

पाथर्डी
गुढीपाडवा, शके १९४७